झाशीला नातीच्या रक्ततपासणीला

झाशीला मी सदतीस वर्षांनी गेले. मुलगा तिथंच रेल्वेत, सून तिथलीच, नात तिथंच जन्मली, तरी मी गेले नव्हते. दर उन्हाळ्यात तेच भुसावळला यायचे. मला बोलवायचे, मी आज जाते उद्या जाते करायची. पाय उचलत नव्हता. या जानेवारीत सुनेचा, मेधाचा फोन आला. "आई, ईशाच्या रक्ताच्या तपासण्या करायच्या आहेत. थंडीची सुट्टी पोरांना आहे, आम्हा टीचर लोकांना नाही. तुम्ही येऊन तिच्याजवळ राहा."

मग गेले. आता गल्लीतल्या बाया विचारतात, काय पाहिलं झाशीत, किल्ला पाहिला का. किल्ला मी रिक्षातून पाहिला. बाकी जे पाहिलं ते सांगते.

स्टेशन

गाडी धुक्यामुळं पाच तास उशिरा पोचली. स्टेशनचं नावही आता दुसरं आहे. मी उतरले आणि उजवीकडं वळायला लागले, कारण आमच्या वेळी बाहेर जायचा रस्ता तिकडून होता. दिलीपनं हात धरला, "आई, इकडून." माझा पोरगा शेहेचाळीस वर्षांचा झाला. त्याला घेऊन मी याच स्टेशनवरून निघाले तेव्हा तो नऊचा होता, त्याच्या पाठीवर दोन पोरी, एक लोखंडी ट्रंक, आणि कपाळ मोकळं.

हे लोको शेडमध्ये फिटर होते. बेचाळिसाव्या वर्षी शेडमध्येच गेले. सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले, दुपारी छातीत दुखतंय म्हणून बाकड्यावर बसले, ते बसलेलेच राहिले. पुढं क्वार्टर सोडावं लागलं. भुसावळला भावाच्या ओसरीवर राहून मी खानावळीत पोळ्या लाटल्या. मोठा झाल्यावर दिलीपला बापाच्या जागी नोकरी लागली, ती पुन्हा झाशीतच. मी त्याला पोचवायलासुद्धा आले नव्हते.

रेल्वे कॉलनी

दार ईशानं उघडलं. तेरा वर्षांची पोर, पण अंगानं बाईएवढी. माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. बरं वाटलं. गाल भरलेले, दंड भरलेले. माझ्या पोरी या वयात काटकीसारख्या होत्या. दोन पोळ्या तिघांत वाटून खाल्लेल्या पोरींची आई आहे मी, मला भरलेलं अंग दिसलं की देवाला हात जोडावेसे वाटतात.

"आजी, पाय पडते," ती म्हणाली. मराठी तिला कळतं सगळं, बोलताना मध्येच हिंदीत घसरते.

मी डिंकाचे लाडू नेले होते. डबा उघडला तशी मेधानं तो हातातून घेतला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. रागानं नाही. "आई, डॉक्टरनं मना केलं आहे," म्हणाली. जेवायला बसलो तर ईशाच्या ताटात दोनच पोळ्या. ती तिसरीकडं बघत होती, मी तिच्याकडं बघत होते, आणि मेधा आम्हा दोघींकडं.

मेधाचं माहेर झाशीतलं जुनं मराठी घर. पूर्वज कधीकाळी पूजाअर्चा करायला आले ते इथलेच झाले. ती अजून तव्यावरच्या उलथन्याला 'कलथा' म्हणते आणि पुढच्याच वाक्यात 'चम्मच' म्हणते. पोळी तिची वेगळी. गहू-हरभरा एकत्र दळून करते, त्याला तिकडं बिर्रा म्हणतात. आपल्या कळण्याच्या भाकरीची आठवण झाली. इकडं ज्वारीत उडीद, तिकडं गव्हात हरभरा. गरिबी कुठलीही असो, धान्यात धान्य मिसळतेच.

दुसऱ्या दिवशी मी ईशाला न्हायला घातलं. तिच्या मानेवर मागं काळा जाड पट्टा होता. मला वाटलं, मळ. नोकरी करणाऱ्या आईला कुठं वेळ. डाळीचं पीठ, हळद, साय कालवून घासलं. निघेना. आणखी घासलं.

"आजी, बस ना, जल रहा है."

"एवढा मळ साचेपर्यंत काय करत होतीस?"

"मैल नाही आहे तो. शाळेत पण सगळे तेच म्हणतात."

"काय म्हणतात?"

"गंदी. आणि मोटी. दोन्ही." अगदी सरळ आवाजात बोलली, जसं कुणी रोल नंबर सांगतं.

दवाखाना

डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या धाकटीच्या वयाची. मुलांच्या वाढीचं आणि हार्मोनचं बघते. ईशाचं वजन, कंबर, रक्तदाब सगळं मोजलं. मान पाहिली, तिथं लाल झालेलं दिसलं. "ये किसने रगड़ा?"

मी म्हटलं, "मी."

"अम्मा जी, ये मैल नहीं है. शरीर में इन्सुलिन ज्यादा बन रहा है, उसका निशान है." मग तिनं कागदावर तपासण्या लिहिल्या. साखर, इन्सुलिन, चरबी, आणि दोन अशी नावं जी मी कधी ऐकली नव्हती. मी विचारलं, ही काय भानगड आहे. तिला घाई होती तरी तिनं सांगितलं. अंगातली चरबी नुसती पडून नसते, ती रक्तात निरोप सोडते. एका निरोपाचं नाव लेप्टिन. तो मेंदूला सांगतो, पुरे, पोट भरलं. चरबी फार वाढली की हा निरोप एवढा वाजतो की मेंदू ऐकायचं सोडतो. मग पोर जेवून उठते आणि तरी भुकेली राहते. दुसरा निरोप चांगला, हृदयाच्या नळ्या राखणारा. अंग वाढलं की तो कमी होतो.

मला ते लगेच कळलं. आम्ही क्वार्टरमध्ये नवे होतो तेव्हा कारखान्याच्या भोंग्यानं मी दचकून उठायची. सहा महिन्यांनी भोंगा वाजून जायचा, मला पत्ता नसायचा. हे म्हणायचे, "अगं, शिफ्ट सुटली, तू चहा ठेवला नाहीस." कानापाशी वाजत होता, पण मला ऐकू येत नव्हता. पोरीचंही तसंच झालं होतं. ती हावरट नव्हती. मनातून मी तिला तसं म्हटलं होतं, ते मी तिथंच परत घेतलं.

"घर में किसी को दिल की बीमारी?" डॉक्टरणीनं विचारलं.

दिलीप म्हणाला, "पिताजी." तिनं वय विचारलं, लिहून घेतलं. ईशा कागदाकडं वाकून बघत होती.

रक्त परवा सकाळी द्यायचं होतं. आदल्या रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही. मेधानं पोरीला साडेसातला जेवायला घातलं आणि स्वयंपाकघराचा दिवा बंद केला. सकाळी मेधा शिकवायला शाळेत गेली. जाताना मला म्हणाली, "आई, चहा पण देऊ नका हं." मी म्हटलं, नाही देणार. दिलीप खाली स्कूटर पुसत होता. ईशा दारात बूट घालत होती, बंद बांधायची आणि पुन्हा सोडायची. सुईला ती फार भिते. लहानपणी टायफॉइडमध्ये पुष्कळ टोचलं होतं, तेव्हापासून.

मी देव्हाऱ्यापुढचं दही घेतलं, वर साखर घातली, आणि तिचा उजवा हात पुढं केला. आमच्या घरातून कामाला निघालेलं माणूस दही-साखर हातावर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. हे बढतीच्या परीक्षेला गेले तेव्हा मी दिलं. दिलीप नोकरीच्या मुलाखतीला गेला तेव्हा दिलं. पोरींना बारावीच्या प्रत्येक पेपरला दिलं. ईशानं चाटलं. दही आंबट होतं, मी आणखी साखर घालून दुसरा चमचा दिला. तिनं डोळे मिटून तेही चाटलं आणि बंद एका दमात बांधले.

रक्त घेतात तिथं खिडकीतल्या माणसानं विचारलं, "खाली पेट?" दिलीप म्हणाला, "हाँ जी." मीही मान हलवली. खोटं बोलते असं मला वाटलंच नाही. दही-साखर म्हणजे खाणं नव्हेच माझ्या लेखी. नंबर यायला तासभर गेला. सुई टोचली तेव्हा ईशानं माझा दंड असा धरला की चार दिवस निळं होतं. ओरडली मात्र नाही.

बडा बाजार

रिपोर्ट यायला चार-पाच दिवस होते. त्यात एकदा मी ईशाला घेऊन बडा बाजारात गेले. पूर्वी महिन्याचा बाजार हे आणि मी तिथून आणायचो, येताना हे कचोरी घ्यायचे, एकच, आणि रस्त्यातच अर्धी मोडून द्यायचे. लोकांसमोर मी कशी खाऊ म्हणून पदराआड खायची. ती गल्ली सापडली, कढई सापडली, माणूस दुसरा. मी त्याला सांगितलं, तुझ्या वडलांच्या हातची खाल्ली आहे. तो म्हणाला, "काए अम्मा, बाबा होंगे वे तो. बाप तो मोरे अबै जिंदा हैं, उते बैठे." बाबा म्हणजे तिकडं आजोबा. खरंच, मागं गल्ल्यावर एक म्हातारा माझ्याच वयाचा बसला होता. तो माझ्याकडं बघून हसला, मीही हसले.

ईशा कढईकडं बघत नव्हती, मुद्दाम दुसरीकडं बघत होती. म्हणून मी काही घेतलं नाही. पेरू घेतले, मीठ लावून दिले. "अम्मा, कछू तो लेतीं," तो मागून म्हणाला.

क्वार्टरकडंही गेलो. आमची ओळ पाडून तिथं नव्या इमारती झाल्यात. कडुनिंब राहिलाय. मी सांगत गेले, इथं चूल, इथं पाण्याची टाकी, इथं तुझा बाप पडला. ईशा म्हणाली, "आजी, इथे तर पार्किंग आहे."

गच्ची

रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरणीनं कागद दोनदा वाचला. साखर थोडी वर होती, पण इन्सुलिन एवढं वर की तिनं चष्मा काढून ईशाकडं पाहिलं. "बेटा, रात से सुबह तक कुछ खाया तो नहीं था?"

"नहीं मॅम," ईशा म्हणाली, आणि एकदा माझ्याकडं पाहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साखर. दोन चमचे. तोंड उघडलं आणि मिटलं. कशानं मिटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. दिलीपची लाज, मेधाची भीती, थोडं ते, थोडं हे. डॉक्टरणीनं गोळ्या लिहून दिल्या. उद्यापासून रोज, किती महिने ते नंतर बघू. दिलीपनं खालीच गोळ्या घेतल्या.

दुपारी मी गच्चीवर उन्हात बसले होते. ईशा आली, माझ्या गुडघ्याला टेकून बसली.

"आजी, सांगू नको."

"काय सांगू नको?"

"दही. फिर से सुई लगेगी. मी गोळी खाऊन घेईन ना, गोळी को मैं नहीं डरती."

"तुला माहीत होतं?"

"नंतर समजलं. त्यांनी पुछा तेव्हा." मग म्हणाली, "आणि मम्मी तुला रागवेल."

खाली पत्र्यावर कुणी वाटाणे सोलत बसलं होतं, टपटप आवाज येत होता. माझ्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी मी गिळल्या आहेत, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. पण त्या मी स्वतः गिळल्या होत्या. इथं माझ्या चुकीची गोळी रोज ती गिळणार होती. मी उठले. तिनं पदर धरला. तो मी सोडवून घेतला आणि जिना उतरले.

मेधा कणीक मळत होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिचे हात थांबले.

"किती?"

"दोन चमचे दही. साखर भरपूर."

ती म्हणाली, "त्या रात्री ती भुकेनं रडली, आई. मी तिच्याजवळ बसून राहिले, पण दिलं नाही. आणि तुम्ही..." पुढचं तिनं कणकेत दाबलं.

दिलीप संध्याकाळी आला, त्याला तिनं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिथेच का नाही बोललीस?" मी म्हटलं, "बोलायला हवं होतं." तो आणखी काही बोलेल म्हणून उभी राहिले, पण तो हात धुवायला गेला.

ईशा मात्र माझ्याशी बोलायची बंद झाली. एकच म्हणाली, "मैंने मना किया था ना." पुढचे दिवस माझं ताट आणून ठेवायची आणि निघून जायची.

बरुआसागर

मेधानं दह्याचं कळवलं तेव्हा डॉक्टरणीनं फोनवर सांगितलं, गोळी आत्ता देऊ नका, पुन्हा रक्त द्या. रक्त द्यायच्या सकाळी ईशा आईबरोबर गेली. मला म्हणाली, "तू मत आना." मी गेले नाही. दारात उभी राहिले, हात रिकामे. दीड तासानं परत आली, कोपराला कापूस चिकटवलेला, डोळे लाल.

रविवारी दिलीप आम्हाला बरुआसागरला घेऊन गेला. झाशीहून बसनं तासाच्या आत येतं. तलाव, वर जुना किल्ला. गावात आल्याचे ढीग, जिकडं बघावं तिकडं आलं, ओली माती लागलेलं. आपल्याकडं केळी विकतात तशा जागा अडवून बाया बसल्या होत्या. एकीनं ईशाला हाक मारली, "ओ बिन्ना, अम्मा के घुटनों के लाने ले जा, चाय में डारियो." गुडघे माझे तिनं लांबूनच ओळखले. मी पावशेर घेतलं.

आम्ही नवे असताना हे मला इथं एकदा घेऊन आले होते. मी तेव्हा पायऱ्या धावत चढले होते. आता दिलीप पुढं गेला, मेधा त्याच्या मागं, आणि अर्ध्या वाटेत दम लागून आम्ही दोघी बसलो. एक सत्तरीची, एक तेराची, आणि दम सारखाच. ईशालाही ते कळलं असावं. तिनं तोंड माझ्याकडं वळवलं.

"आजोबांना पण असंच होत होतं? साँस फूलणं?"

"होत होतं. शेवटचं वर्षभर. जिना चढून आले की बसायचे. मी म्हणायची, जास्त काम पडतं."

"डॉक्टरकडे नाही नेलं?"

"नाही."

"का?"

"तेव्हा दमलेल्या माणसाला डॉक्टरकडं नेतात हे मला माहीत नव्हतं. गूळ-तूप देत होते मी. पोटभर देत होते."

ती तलावाकडं बघत बसली. पाणवठ्यावर कुणी कपडे आपटत होतं. मग उठली, मला हात दिला. "चल आजी. हळू हळू." मध्ये तीनदा बसलो, पण वरपर्यंत गेलो. वरून तलाव सगळा दिसतो. यांच्याबरोबर आले तेव्हा लाजेपायी मी तो नीट पाहिलाच नव्हता.

पुन्हा दवाखाना

दुसऱ्या खेपेचा रिपोर्ट घ्यायला चौघंही गेलो. इन्सुलिन पुष्कळ खाली आलं होतं. पाहिजे त्याहून जास्तच होतं अजून, पण डॉक्टरीण म्हणाली, गोळी नको, तीन महिने चालणं आणि खाणं सांभाळा, मग बघू. मेधानं पदरानं डोळे टिपले.

मी विचारलं, "आणि ते लेप्टिन?"

ती हसली. "अम्मा जी को नाम याद है." मग म्हणाली, ते तसंच आहे, वर. आणि चांगला निरोप कमीच आहे. ते चमचाभर साखरेनं हलत नाही. म्हणजे माझी चूक धुतली गेली, दुखणं आपल्या जागी राहिलं.

मग तिनं जुना कागद काढला, त्यावर माझ्या नवऱ्याचं वय लिहिलेलं होतं. दिलीपला म्हणाली, "आपकी जाँच कब हुई थी?"

"मेरी? मुझे कुछ नहीं है मॅडम."

"आपके पिताजी भी यही कहते होंगे."

दिलीप खुर्चीत सरकला. म्हणाला, ड्युटी आहे, पुढच्या आठवड्यात बघतो. सहा फुटाचा माणूस, तोंड असं की मला तो नऊ वर्षांचा दिसला. ईशानं त्याच्या शर्टाची बाही धरली आणि वर सरकवायला लागली.

"पापा, काही नाही होत. मुंगी चावल्यासारखं. मैं दो बार करवा चुकी हूँ."

"आज नको गं, सकाळी नाश्ता केलाय मी."

"तो कल. मी येते सोबत. आजीला घरी ठेवू." मेधा हसली, डॉक्टरीण हसली, मलाही हसू आलं.

दुसऱ्या सकाळी बाप-लेक गेले. मी त्या दिवशी देव्हाऱ्यापुढचं दही झाकूनच ठेवलं.

भुसावळ

मी परत आले. दिलीपचा रिपोर्ट फोनवर कळला. त्याची चरबी वाढलेली, रक्तदाबही, आणि छातीच्या ईसीजीच्या पट्टीवर काही दिसलं म्हणून पुढं तपासलं तर हृदयाची एक नळी अरुंद निघाली. वेळेत सापडली म्हणाले. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी तो आणि ईशा स्टेडियमपर्यंत चालत जातात. ईशाची मान अजून काळीच आहे. कुणी काही म्हटलं तर ती म्हणते, इन्सुलिन आहे ते, आणि पुढं जाते.

मी संध्याकाळी ओसरीवर बसले की डोक्यात तीच गोष्ट फिरते. यांच्या वेळी गाड्या होत्या, दवाखाने होते, सुयाही होत्या. यांचं रक्त कोणी काढलं नाही. मला माहीत असतं तर मीच यांची बाही वर केली असती.